केरेन ते मोंतोने

माणगाव, जि. रायगड

चि. मृण्मयीस,


मोंतोनेहून तू पाठवलेला सूर्यघड्याळाचा फोटो मिळाला. त्यावरचं नाव वाचून तू विचारलंस, ‘मामा, हे आपल्या माणगावात पुतळा आहे तेच घाडगे ना? आणि इटलीच्या लोकांनी त्यांचं स्मारक कशाला उभारलं?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तेच ते, नाईक यशवंत घाडगे, आपल्याच तालुक्यातल्या पळसगावचे. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र तुला आधी आफ्रिकेत न्यावं लागेल.

घाडगे होते ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. १९४१च्या मार्चमध्ये ही पलटण एरिट्रियात केरेनच्या डोंगरांखाली उभी होती आणि माथ्यावर शत्रू होता तो इटालियनच. केरेनकडे जाणारा रस्ता आणि रेल्वे एकाच खिंडीतून जात. दोन्ही अंगांना बोडके, खडकाळ डोंगर, आडोसा म्हणून काही नाही. इटालियन सैनिक लढायला कच्चे, असं सर्रास बोललं जातं. केरेनबद्दल तसं कुणी बोललं तर ऐकून घेऊ नकोस, तिथे ते सात आठवडे चिवटपणे लढले. १५ मार्चच्या संध्याकाळी आपल्या तिसऱ्या पलटणीनं ‘पिनॅकल’ नावाचा सुळका चढून काबीज केला. त्यामुळेच दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारचा दोलोगोरोदोक किल्ला घेता आला आणि २७ मार्चला केरेन पडलं.

या लढाईचं नाव आज फारसं कुणाच्या तोंडी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. महायुद्ध कुठे फिरलं म्हणून विचारलं की मिडवे, अल अलामेन, स्टालिनग्राड ही नावं येतात. ती यायलाच हवीत. पण केरेननंतर एप्रिलमध्ये मसावा बंदर पडलं आणि तांबडा समुद्र मोकळा झाला. अमेरिका तेव्हा युद्धात उतरली नव्हती, तिच्या जहाजांना युद्धक्षेत्रात जायला कायद्यानं मनाई होती. रूझवेल्ट यांनी तांबडा समुद्र त्या क्षेत्रातून वगळला आणि अमेरिकी जहाजं माल घेऊन थेट सुएझपर्यंत जाऊ लागली. पुढे अलामेनला जे सैन्य लढलं त्याची रसद याच वाटेनं आली. त्या वाटेचं दार उघडणाऱ्यांत सह्याद्रीचे कडे पायाखालचे असलेले आपले लोक होते.

मग लिबियातलं तोब्रुक. तेही सांगितलंच पाहिजे, कारण पलटणींच्या गौरवग्रंथांत अशा पानांवरून घाईनं पुढे जातात. २० जून १९४२ रोजी जर्मन सेनापती रोमेलनं तोब्रुकच्या आग्नेय कोपऱ्यावर घाव घातला. तिथे पाचव्या मराठाचीच दुसरी पलटण होती. आकाशातून बॉम्ब, समोरून रणगाडे. ती फळी फुटली, दुसऱ्या दिवशी तोब्रुकनं शरणागती पत्करली आणि तीस हजारांवर माणसं कैद झाली. उत्तर आफ्रिकेत धरलेले कितीतरी हिंदी कैदी इटलीतल्या छावण्यांत पाठवले गेले.

८ सप्टेंबर १९४३ला इटलीनं दोस्तांशी तह केल्याचं जाहीर झालं. छावण्यांतून कैदी निसटले, आणि जर्मनांनी पकडलं तर गोळी, हे माहीत असून इटलीच्या शेतकऱ्यांनी त्यांना गोठ्यांत, माळ्यांवर लपवलं, भाकरी दिली. केरेनला एकमेकांवर बंदुका रोखलेल्या दोन देशांचं नातं इथे पालटलं. मला विचारशील तर या युद्धातलं हे वळण कुठल्याही किल्ल्याच्या पाडावाइतकंच मोठं आहे.

जर्मनांनी मात्र इटली सोडली नाही. मध्ये कण्यासारखे अपेनाइन पर्वत आणि त्यांतून दोन्हीकडे आडव्या वाहणाऱ्या नद्या. एक ओलांडली की पुढे दुसरी, एक धार घेतली की पुढच्या धारेवर पुन्हा मशिनगन. रोमच्या वाटेवर कासिनोला चार लढाया झाल्या, जानेवारी ते मे १९४४. ४ जूनला रोम मुक्त झालं आणि दोनच दिवसांनी नॉर्मंडीत सैन्य उतरलं. जगाचं लक्ष तिकडे गेलं ते पुन्हा इकडे वळलं नाही. दक्षिण फ्रान्सच्या मोहिमेसाठी इटलीतून सात डिव्हिजन काढून घेतल्या. उरलेल्यांनी टायबरच्या खोऱ्यातून उत्तरेला सरकत राहायचं होतं. उत्तरेकडच्या गॉथिक लाइनची तटबंदी पुरी व्हायला जर्मनांना वेळ हवा होता, म्हणून तू राहतेस त्या भागातली एकेक टेकडी ते अडवून धरत होते.

१० जुलै १९४४ला घाडग्यांची कंपनी अशाच एका मोर्चावर चालून गेली. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि त्यांच्या तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते धावत गेले, हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगननं आणखी एकाला पाडलं. गोळ्या संपल्या, नव्या भरायला सवड नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी ते भिडले. मोर्चा हाती आला आणि लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. त्यांच्यासोबत पडलेल्यांना ना पदक, ना पुतळा. तेही तितकेच आपले.

त्या दिवशी नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. हिंदुस्थान युद्धात आहे, हे १९३९ साली व्हाइसरॉयनं कुणालाही न विचारता जाहीर करून टाकलं होतं. त्याच नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ला इटलीतच सेनिओ नदीवर लढले. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी खोल पाण्यातून, मग सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेलं आणि परत येऊन तीन मशिनगनची ठाणी एकट्यानं मोडली. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, आणि ते घरी परतले. स्वतः पारतंत्र्यातल्या या पोरांनी दुसऱ्यांची गावं मोकळी केली, हा अन्याय होता. तरी त्या गावांना मिळालेलं स्वातंत्र्य खरंच होतं, ही दुसरी बाजूही मी सोडणार नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुब्बिओत मिळेल. मोंतोनेच्या पूर्वेला, फार लांब नाही. तिथे २२ जून १९४४ला जर्मनांनी सूड म्हणून चाळीस नागरिकांना गोळ्या घातल्या. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हाची घाडग्यांची लढाई. ते आठवडे ज्या गावांनी काढले, त्यांना आपल्यासाठी कोण मेलं हे कुणी सांगावं लागत नाही. म्हणून २०२३च्या जुलैत मोंतोनेत ते घड्याळ बसलं.

सुट्टीत गुब्बिओला जाऊन ये. आणि मोंतोनेत नव्वदीच्या आसपासचं कुणी भेटलं तर त्या उन्हाळ्याबद्दल विचार. हे शिपाई त्यांना कसे दिसले, काय खात, मुलांशी कसे वागत. इटालियनमध्ये जसं सांगतील तसंच लिहून घे आणि मला कळव. पळसगावात मी ते वाचून दाखवीन.

तुझा,
मामा