बर्फ तिकडे, गारा इकडे

नातू मार्चमध्ये गुलमर्गला स्कीइंगला जाणार आहे. काल फोनवर म्हणाला, "आजोबा, बर्फ पडू दे म्हणा!" काळजी खरीच. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फाअभावी तिथले 'खेलो इंडिया'चे हिवाळी खेळ मार्चवर ढकलावे लागले होते.

पण तिकडे बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात येतात भूमध्य समुद्राकडून. त्यांच्यामागची थंड हवा इथे बंगालच्या उपसागरावरून आलेल्या बाष्पाला भेटली, की गारपीट! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भाने ती भोगली. आज लोहाऱ्यात धाकट्या भावाचा गहू उभा आहे, हरभऱ्याची गंजी शेतातच आहे.

"म्हणतो हं," एवढंच बोललो. जन्मभर भूगोल शिकवला, पण देवाकडे नेमकं काय मागावं ते कळेना... संध्याकाळी भावाकडे जाऊन ताडपत्री आहे का, तेवढं विचारून आलो.