बुजविलेले पेव

मंगळवेढ्यास आलेल्या पाहुण्याला लोक दामाजीपंतांचे देऊळ दाखवितात; मला मात्र, पुष्कळ वर्षांनी गावी गेलो असता, आमच्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या गाळ्यांच्या पायऱ्यांखाली आमचे धान्याचे पेव नेमके कोठे होते, हे हुडकण्यावाचून दुसरे काही सुचले नाही. मुरूम टाकून ते बुजविताना आम्हां भावंडांपैकी कोणाला विचारावे असे वाडा विकणाऱ्यांस वाटले नाही, एवढा सल येथे नमूद करतो.

पेवाच्या तोंडावरची शिळा काढली तरी लगेच कोणी आत उतरत नसे. साकळलेली विषारी हवा गेली की नाही हे पाहण्यासाठी दोरीला कंदील बांधून खाली सोडीत आणि ज्योत टिकली तरच गडी उतरे. मग कडब्याच्या अस्तरात राखलेली, किंचित काळवंडलेली मालदांडी ज्वारी आंबूस, उबदार दर्प घेऊन वर येई. काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारे हे पीक एका सुगीत भरभरून देते आणि दुसऱ्या सुगीत पाठ फिरविते. म्हणूनच चांगल्या सालाचे धान्य वाईट सालासाठी जमिनीच्या पोटात ठेवण्याची ही तजवीज.

१९७२ च्या दुष्काळात थोरल्या काकूने ते पेव उघडले. आळीतली माणसे दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून दिवेलागणीला दारी येत, आणि काकू पायली हाती घेऊन, पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत, शीग लावून माप घाली. परतफेडीचे माप मात्र सपाट घेईन आणि रिवाजाची सवाई घेणार नाही, असे तिने आधीच सांगून टाकले होते. त्या दिवसांत आमच्या ताटात रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी असे, आणि शेजारच्या तव्यावर आमच्याच शाळूची भाकरी फुगे. माझ्या आईने याबद्दल जावेला अखेरपर्यंत क्षमा केली नाही, आणि तो वास आठवला की मीही थोडासा आईच्याच बाजूचा होतो.

बेदरच्या बादशहाचे अंबार उपाशी रयतेला खुले करणाऱ्या दामाजीपंतांची रसद, कथेप्रमाणे, प्रत्यक्ष विठ्ठलाने दरबारी भरली. काकूच्या दातृत्वाचा भरणा आम्हां मुलांच्या ताटांतून झाला. पण पुढल्या साली पाऊस पडला तेव्हा आमच्या गोठ्यात बैल उरले नव्हते, आणि त्याच आळीने इर्जिक करून आमचे सारे रान पेरून दिले.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान मलाही आहे. तथापि नावाजलेली ज्वारी पिकविणे निराळे, आणि शेजाऱ्याला सुगीपर्यंत पायलीभर उसनी देता येईल एवढी ती गावात राखणे निराळे. गाव तगते ते या दुसऱ्या गोष्टीवर. आणि तिची किंमत कोणाच्या तरी घरच्या ताटाला द्यावीच लागते.