रम, जरा दमानं!

रम म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हॉस्टेलची गच्ची, कोलाची मोठी बाटली, प्लॅस्टिकचे ग्लास आणि थंडीचं निमित्त! पगार वाढला की माणूस सिंगल माल्टकडे वळतो आणि रम उरते फक्त रियुनियनपुरती. पण बॉस, रमही मोठी झालीय. तिला कोलात बुडवणं आता पटत नाही.

सध्या माझ्या कपाटात आहे कामिकारा. हरियाणातल्या इंद्रीची, १२ वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली, तब्बल ५० टक्के अल्कोहोलची. संस्कृतात चामीकर म्हणजे सोनं, त्यावरून हे नाव. २०२३ मध्ये इंटरनॅशनल वाइन अँड स्पिरिट कॉम्पिटिशनमध्ये तिने गोल्डही मिळवलं. आपल्याकडची बहुतेक रम मळीची, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाची. ही मात्र थेट उसाच्या रसाची. शिवाय आपल्या उन्हाळ्यात पिंपातली दारू भराभर उडते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के उडते, इथे त्याच्या कितीतरी पट. म्हणून आपल्याकडची १२ वर्षं म्हणजे भलताच लांब पल्ला!

हे सगळं मला एकदम जवळचं वाटलं, कारण माझे बाबा. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ते आयुष्यभर केमिस्ट होते. रिटायर होऊन पुण्यात आमच्या फ्लॅटवर राहायला आले आणि हळूहळू गप्पच झाले. 'काय बाबा, कसं काय?' 'चाललंय.' संपला विषय. एका शनिवारी मी ग्लास त्यांच्यापुढे धरला. ते घेत नाहीत, पण वास घेतला. म्हणाले, 'ही मळीची नाही, रसाची आहे.' लेबल न बघता! मग तासभर गळीत हंगाम, रिकव्हरी, रात्रपाळी, रस लगेच आंबतो म्हणून होणारी धावपळ... इतकं बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

तर फंडा असा. पहिल्यांदा नीट घ्या. ३० मिली, तोंडाशी निमुळता ग्लास, बर्फ नको. दहा मिनिटं तसाच ठेवा. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे नाकाला झिणझिण्या येत नाहीत. छोटा घोट जिभेवर फिरवा. मग पाण्याचे चार थेंब टाका, वास आणखी खुलतो.

कॉकटेल हवंय? ६० मिली रम, चमचाभर गुळाचा पाक, बिटर्सचे दोन थेंब, मोठा बर्फाचा खडा आणि वरून संत्र्याची साल. झालं देशी ओल्ड फॅशन्ड! किंवा डाइकिरी. क्यूबातल्या एका गावाचं नाव मिरवणारं हे ड्रिंक म्हणजे फक्त रम, लिंबू आणि साखर. तिन्ही आपल्या घरचेच की!

खाण्यासोबत मात्र जपून. ५० टक्क्यांची नीट रम आणि कोल्हापुरी तांबडा एकत्र आले तर तोंडात आगच. अल्कोहोल तिखटाला आणखी भडकवतं. झणझणीत जेवणाबरोबर डाइकिरी बरी. नीट रमला भाजलेले काजू, डार्क चॉकलेट, तिळाची चिक्की किंवा गोव्याचा बेबिंका द्या. नारळाचं दूध, अंडी आणि तुपात थरावर थर भाजलेला बेबिंका म्हणजे या रमचा सख्खा भाऊ!

आणि हो, महाराष्ट्रात यासाठी पंचविशी पूर्ण हवी. गाडीची चावी घरी, येताना कॅब.

अशी रम ढोसता येत नाही, हाच तिचा मोठा गुण. एक पेग तासभर पुरतो, म्हणजे समोरच्यालाही तासभर मिळतो. आमची बाटली अजून अर्ध्याच्या वर आहे. घाई नाही. बाबांचे बरेच हंगाम सांगायचे बाकी आहेत.