लेक कुणाची?

पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, हे तुम्ही पाहिलंच असेल. कदाचित त्या रांगेत तुम्हीही असाल! अशाच एका गाडीतल्या ताईंनी आमच्या तिसरीतल्या मुलाला विचारलं, "बाळा, लेक कुठून दिसेल?" तो म्हणाला, "कुणाची?" गाडीत हशा पिकला. सोमवारी तो मला विचारतो, "बाई, माझं काय चुकलं?"

काहीच चुकलं नव्हतं. आम्ही त्याला धरण म्हणतो. त्या शब्दात बुडालेली गावं आहेत, 1921 साली सुरू झालेला सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह आहे. 'लेक' म्हटलं की नुसतं पाणी दिसतं.

पण खरं सांगू? त्याच मुलाला मीही कितीदा टोकलं होतं. "न्हाय नाही रे, 'नाही' म्हण." डी.एड.ला बोलीभाषेवर छान उत्तर लिहून मार्क मिळवले, वर्गात मात्र हातात लाल पेनच.

त्या दिवशी पाठ बाजूला ठेवला. म्हटलं, पाहुण्यांना कळायला हवेत असे आपले शब्द सांगा. खाचर, इरलं, झड, उघडीप... फळा भरला. ओढा 'फुगलाय' म्हणजे पलीकडे जायचं नाही, हे तर सगळे एकदम ओरडले.

'तरवा' आला तेव्हा मात्र तो मुलगा उठून उभा राहिला. तरवा म्हणजे लावणीसाठी आधी वाफ्यात दाट वाढवलेलं भाताचं रोप. दिसायला हिरवंगार, म्हणून गाडीतून उतरलेल्याला ते गवत वाटतं आणि तो फोटोसाठी आत शिरतो. त्याच्या आजीचा तरवा असाच तुडवला गेला. "आरं, तरव्यात पाय घालू नगा," म्हणून ती बांधावरून ओरडत होती आणि पाहुण्यांना वाटलं, आजी हाका मारतेय. त्यांनी हात हलवले, तिचाही फोटो काढला. आता ऐन लावणीला रोप कुणाकडे मागायचं? ज्याच्या त्याच्याकडे आपल्या खाचरापुरतंच असतं.

मुलांनी एका पुठ्ठ्यावर पाटी रंगवली आणि आजीच्या बांधावर काठीला बांधली, वरून प्लास्टिक. अक्षर त्याच मुलाचं: "हितं गवात न्हाय. तरवा हाय."

लिहून झाल्यावर त्याने पाटी माझ्यापुढे धरली, तपासायला. मी लाल पेन काढलं नाही.