वाहकाचा अधिकार

आमचे थोरले काका नांदेडास गोदातीरीं राहत आणि माध्यंदिन शाखेच्या शुक्ल यजुर्वेदाची संहिता व तिचा पदपाठ येईल त्या विद्यार्थ्यास विनामूल्य सांगत. त्यांच्या उतारवयांत एका विद्यार्थ्यानें मोठ्या चिकाटीनें त्यांचें पठण ध्वनिमुद्रित करून घेतलें. त्या साठ कॅसेटी पुढें लातुरास आमच्या धाकट्या बंधूंच्या घरीं एका लोखंडी पेटींत पडून होत्या. २०१३ सालीं पुतण्यानें त्या बाहेर काढल्या, एकेक वाजवून संगणकावर उतरविल्या, आणि काकांच्या हयात विद्यार्थ्यांच्या अकरा घरीं त्या पोंचवाव्या असें आम्हीं सर्वांनीं ठरविलें. हीं घरें नांदेड, उदगीर, अहमदपूर, पुणें, हैदराबाद अशीं विखुरलेलीं. एक तर थेट अमेरिकेंत. आवाजाचा कस जाऊं नये म्हणून पुतण्यानें ध्वनि दाबून लहान केला नव्हता, त्यामुळें एकंदर ऐवज सुमारें ३८ गिगाबाइट भरला.

येथें थोडा हिशोब सांगणें अवश्य आहे. लातूरच्या जोडणींतून वर पाठविण्याचा वेग सेकंदास अवघा ५१२ किलोबिट. म्हणजे अहोरात्र यंत्र चालविलें तर दिवसास साडेपांच गिगाबाइट. एका घरीं सर्व पाठवावयास सात दिवस, आणि अकरा घरीं निरनिराळें पाठवावयाचें म्हटलें तर अडीच महिने. यावर पुतण्यानें टोरेंटची युक्ति सुचविली. ब्रॅम कोहेन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें २००१ सालीं काढलेली ही पद्धति अशी कीं, मूळ ऐवजाचे लहान लहान तुकडे करावयाचे. ज्याच्या हातीं जो तुकडा लागेल त्यानें तो स्वतःपाशीं ठेवून इतरांसहि द्यावयाचा. मूळ धन्यानें सर्व तुकडे एकदां बाहेर घातले म्हणजे झालें. पुढील देवघेव घेणारे आपसांतच करतात. प्रत्येक तुकड्याचा गणितानें काढलेला एक ठसा अगोदरच सर्वांना दिलेला असतो. आलेला तुकडा त्या ठशाशीं जुळला नाहीं तर तो टाकून देऊन पुन्हा मागविला जातो.

हें ऐकून आम्हांला मोठी मौज वाटली. आमच्या पूर्वजांनीं वेद राखला तो याहून निराळ्या रीतीनें काय ? ग्रंथ एका कोठारांत नाहीं. तो शेंकडों कंठांत. शिष्य होतो तोच पुढें गुरु होतो. आणि पद, क्रम, जटा, घन हे जे पाठ योजले, त्यांचा एक मोठा उपयोग हाच कीं, तींच पदें फिरून फिरून निरनिराळ्या क्रमानें म्हटल्यानें एक स्वर जरी ढळला तरी चूक लपून राहूं नये. कोहेनसाहेबांस आमच्या पदपाठाची वार्ता असण्याचें कारण नाहीं; पण अडचण एकच असली कीं उपायहि एकमेकांसारखे निघतात असें दिसतें.

असो. एप्रिलच्या अखेरीस काम सुरू झालें. पहिल्या दिवशीं वेग ठीक होता. दुसऱ्या दिवसापासून तो सेकंदास पांच किलोबाइटांवर आला तो तेथेंच थिजला. त्याच तारेवर वर्तमानपत्र झटकन् उघडे, चित्रफिती सुरळीत चालत, पत्रें जात. केवळ हें एक काम मात्र मुंगीच्या पावलांनीं. मध्यरात्रीं, जेव्हां सारें लातूर झोंपलेलें, तेव्हांहि तीच गत. सेवा पुरविणाऱ्या खाजगी कंपनीस बंधूंनीं दूरध्वनि केला. पहिलें उत्तर आलें, "काका, आमच्याकडे सर्व ठीक आहे, तुमच्या मशीनमध्यें व्हायरस असेल." चौथ्या खेपेस एका प्रामाणिक मुलानें सांगून टाकलें, "तुम्ही टोरेंट लावतां ना ? मग तें हळूच चालणार. लोक त्यावरून सिनेमे चोरतात."

या दिरंगाईची खरी झळ कोणास लागली तें सांगतों. काकांचे सर्वांत वडील विद्यार्थी, आम्ही सर्व त्यांना शास्त्रीबोवा म्हणत असूं, नांदेडच्या जुन्या भागांत राहत. वय ऐंशीच्या पुढें, दृष्टि गेलेली; परंतु संहिता स्वरांसह मुखोद्गत. मुद्रण तपासून देण्याचें त्यांनीं आपण होऊन पत्करलें होतें, आणि तें काम करूं शकेल असा दुसरा मनुष्य आमच्यांत उरला नव्हता. त्यांची नात रोज संगणक उघडून पाही. टोरेंटचे तुकडे क्रमवार येत नाहींत; यामुळें सहा आठवड्यांत निम्म्याच्या जवळ ऐवज येऊनहि एक कॅसेट सलग ऐकतां येईना. शास्त्रीबोवा विचारीत, "आला का रे आवाज ?" आम्ही सांगत असूं, "येतो आहे."

शेवटीं बंधूंनीं एक पेनड्राइव्ह भरून पुतण्याच्या खिशांत घातला आणि त्यास एस.टी.च्या गाडींत बसविलें. साडेतीन तासांत तो नांदेडास उतरला. आम्हीं कागदावर हिशोब केला : ३८ गिगाबाइट साडेतीन तासांत, म्हणजे सेकंदास चोवीस मेगाबिट. इतका वेग त्या काळीं लातुरांत कोणाच्या घरीं होता ? लाल डब्यास लोक उगीच नांवें ठेवतात !

शास्त्रीबोवांनीं रोज दोन कॅसेटी ऐकल्या. नवव्या कॅसेटींत फीत तुटून जोडलेली होती, तेथें एक कंडिका गळली आहे हें त्यांनीं ऐकतांक्षणीं ओळखलें व नातीकडून लिहवून घेतलें. अशा पांच जागा निघाल्या. चौतिसावी कॅसेट झाली आणि ज्येष्ठ संपतां संपतां ते गेले. उरलेल्या सव्वीस कॅसेटी अद्याप कोणीं तपासलेल्या नाहींत.

बाकीच्या दहा घरांसाठीं पुतण्यानें मग निराळाच प्रयोग केला. पाठविण्याच्या मजकुरास त्यानें सांकेतिक रूप दिलें, म्हणजे वाटेंतल्या यंत्रास हा टोरेंट आहे हें ओळखतां येऊं नये. वेग त्याच घटकेस दसपटीहून अधिक वाढला आणि काम दहा दिवसांत आटोपलें. तार तीच, मोडेम तोच, ऐवजहि तोच; फरक इतकाच कीं, आंत काय आहे तें वाहणाऱ्यास कळेनासें झालें.

आतां कंपन्यांची बाजू अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. गल्लींतली वाट सर्वांची मिळून असते, आणि वर जाणारी वाट तर मुळांतच अरुंद. टोरेंट एकदम अनेक जोडण्या उघडतो आणि चोवीस तास वाहत राहतो. सायंकाळीं शेजाऱ्याची फीत अडखळते ती कधीं कधीं यामुळेंच. लातूरकरांस हें पाण्यावरून समजेल. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून सुमारें साडेतीनशें किलोमीटर चालून पाण्याची पहिली आगगाडी लातुरांत आली, दहा वाघिणींत पांच लाख लिटर पाणी घेऊन. अशा गांवांत नळास थेट मोटर लावून पाणी ओढणारा मनुष्य शेजाऱ्याच्या घागरींतलें पाणी ओढतो, यांत शंका नाहीं. त्यास आवर घालावा. परंतु आवर घालावयाचा तो किती ओढलें यावर. तें पाणी देवपूजेस नेलें कीं धुण्यास, हें नगरपालिकेनें विचारूं नये. आणि धुण्यास नेणारे बहुधा वाईट लोक असतात असें ठरवून त्यांचा नळ गुपचूप आवळूं तर नयेच नये.

हा वाद प्रथम पेटला अमेरिकेंत. ऑरेगन संस्थानांतील रॉब टोपोल्स्की या गृहस्थास चौघांनीं मिळून म्हणावयाच्या जुन्या गाण्यांचा नाद होता. तीं गाणीं टोरेंटवरून इतरांस देतांना २००७ सालीं त्यास आढळलें कीं, कॉमकास्ट कंपनीचीं यंत्रें मध्येंच दोन्ही टोंकांस "पलीकडच्यानें संबंध तोडला" असा बनावट निरोप धाडतात. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें बायबलचें जुनें इंग्रजी भाषांतर पाठवून पाहिलें, तर तेंहि सुरळीत जाईना ! १ ऑगस्ट २००८ रोजीं तेथील दळणवळण आयोगानें तीन विरुद्ध दोन मतांनीं कंपनीस दोषी ठरविलें. ६ एप्रिल २०१० रोजीं अपील न्यायालयानें आयोगास तो अधिकारच नाहीं म्हणून निर्णय फिरविला. पुढें २०१५ सालीं नियम झाले, २०१७ सालीं गेले, २०२४ सालीं परत आले आणि जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें पुन्हा उडविले. मौजेची गोष्ट ही कीं, कॉमकास्टनें दरम्यान स्वतःच रीत बदलली : गर्दीच्या वेळीं जो फार ओढील त्याचा क्रम थोडा मागें, मग तो कांहींहि ओढो. म्हणजे नळाचाच न्याय. तो पहिल्यापासून करतां येत होता.

आपल्याकडे २०१३ सालीं यासंबंधीं स्पष्ट बंधन नव्हतें. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं मजकूर पाहून निराळा दर लावण्यास मनाई केली, त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबरला असा आदेश दिला कीं मर्यादा संपल्यावरहि घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ किलोबिटांखालीं नेऊं नये, आणि २०१७ च्या नोव्हेंबरांत मजकूर पाहून अडविणें, मंदावणें वा पुढें काढणें यांविरुद्ध शिफारशी केल्या. ११ जुलै २०१८ रोजीं सरकारनें त्या मान्य केल्या. गर्दीच्या व्यवस्थेस सवलत आहे. पण ती प्रमाणांत, तात्पुरती आणि उघड असावी असें म्हटलें आहे. "उघड" हा शब्द आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

राहिला चोरीचा मुद्दा. चित्रपट चोरणाऱ्याची तरफदारी आम्हीं करावी असें नाहीं. परंतु चोर ठरविणें हें न्यायासनाचें काम आहे, आणि तेथेंहि किती जपावें लागतें पाहा. २०१२ सालीं "३" या तमिळ चित्रपटाच्या प्रकरणीं मद्रास उच्च न्यायालयाच्या हुकुमाचा आधार घेऊन कंपन्यांनीं संबंध संकेतस्थळेंच्या संकेतस्थळें बंद केलीं. जूनमध्यें न्यायालयास सांगावें लागलें कीं हुकूम विशिष्ट पत्त्यांपुरताच आहे. २०१६ सालीं बंद स्थळांवर "नुसतें पाहिलें तरी तीन वर्षें कैद" अशा अर्थाची सूचना झळकूं लागली, तेव्हां आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं ऑगस्टांत स्पष्ट केलें कीं, पाहणें हा अपराध नव्हे, परवानगीवांचून वांटणें व जाहीर दाखविणें हा आहे. जेथें न्यायमूर्तींना इतका विवेक करावा लागतो, तेथें लातूरच्या एखाद्या गल्लींतलें यंत्र आपण होऊन निकाल देतें, आणि तो निकाल ज्यावर झाला त्यास कळतहि नाहीं !

गेल्या वर्षीं नांदेडच्या घरीं आम्हीं काचतंतूची नवी जोडणी घेतली. जोडणाऱ्या कंपनीकडे दोन प्रश्न लेखी पाठविले : महिन्याची मर्यादा किती, आणि मर्यादेच्या आंतहि कोणत्या प्रकारची वाहतूक आपण मुद्दाम मंद करतां काय ? पहिल्याचें उत्तर दुसऱ्या दिवशीं आलें. दुसऱ्याचें अद्याप यावयाचें आहे. दर महिन्यास बिलाबरोबर आम्ही त्याची आठवण पाठवितों.