बुजविलेला खंदक

हॉलंडमधील युट्रेख्त या जुन्या विद्यापीठनगरीस जाणाऱ्यानें प्रथम पाहावें तें स्टेशनासमोरील चौकाच्या पोटांत दडलेलें सायकलींचें घर. २०१९ सालीं पूर्ण झालेल्या या तीन मजली वास्तूंत सुमारें १२,५०० सायकली मावतात. माणसें सायकलीवर बसूनच आंत शिरतात. पहिले चोवीस तास भाडें पडत नाहीं. आणि सायकल ठेवून वर गेलें, कीं आगगाडी हजर. आम्ही घटकाभर तेथें उभे राहिलों. विद्यार्थी, कचेरीस निघालेले गृहस्थ, पिशव्या अडकविलेल्या आजीबाई, सारे एकाच ओघांत चालले होते. दुसऱ्या गांवीं उतरल्यावर रेल्वेचीच सायकल भाड्यानें मिळते. लांबचा पल्ला गाडीनें तोडावा, जवळचा सायकलीनें. मग मोटारीस काम उरतें तें थोडेंच.

तो देश सपाट आहे, अंतरें लहान आहेत, हें खरें. परंतु जमीन पूर्वींही सपाटच होती, आणि तरीही महायुद्धानंतर तेथील रस्ते मोटारींनीं व्यापले. १९७१ या एका वर्षांत ३,००० हून अधिक माणसें अपघातांत मेलीं. त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर आले, ‘बालहत्या थांबवा’ अशी चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईनें मोटारींविना रविवार कसा असतो, हेंही लोकांस दाखविलें. पुढें सायकलींसाठीं निराळे मार्ग होऊं लागले.

युट्रेख्तनें तर शहराभोंवतालच्या मध्ययुगीन खंदकाचा एक भाग १९७० च्या दशकांत आटवून तेथें मोटारींचा रुंद रस्ता केला होता. २००२ सालीं नागरिकांनीं मतदानानें कौल दिला, आणि सप्टेंबर २०२० मध्यें त्या जागीं पुन्हां पाणी खेळूं लागलें.

आपलें पुणेंही एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. २०२२ पासून तेथें मेट्रोही धांवते. आतां पाहावयाचें तें एवढेंच, कीं घरापासून स्टेशनापर्यंतची वाट आजोबांस काठी टेकीत चालतां येईल काय, आणि दहा वर्षांच्या नातीस सायकलीवरून एकटें धाडण्यास आईचा जीव धजेल काय? हॉलंडांत हा प्रश्न प्रथम आईबापांनींच विचारला. तो आपल्या घरांतूनही महापालिकेच्या दारापर्यंत गेला पाहिजे.