तळोद्याच्या आभाळातले विमान

तळोद्याला रेल्वे नाही. ती धरायची तर नंदुरबार गाठावे लागते. विमानतळाचे तर नावच काढू नका. उत्तरेला सातपुड्याची भिंत, दक्षिणेला तापी आणि मधल्या सपाटीत केळी, ऊस, पपई. विमाने आमच्याकडेही येतात, पण तीस-पस्तीस हजार फुटांवरून. पांढरी रेघ मागे ठेवून निघून जातात. अशा गावचा एक सेवानिवृत्त भूगोलशिक्षक 'प्रवासी विमान कोणते घ्यावे' या विवंचनेत पडला आहे म्हटल्यावर वाचक म्हणतील, गुरुजींना ऊन लागले!

विमान अर्थातच कॉम्प्युटरातले. २०२० साली निघालेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरात उपग्रहचित्रांवरून सबंध पृथ्वी उभी केली आहे. खेळाबरोबर काही विमाने येतात. पण ज्याला खरोखर कॉकपिटात बसायचे त्याने दुसऱ्या कारागिरांनी केलेले विमान वेगळे घ्यावे, अशी या छंदाची रीत. त्याला ॲड-ऑन म्हणतात. आणि पेन्शनीत बसेल असे वर्षाकाठी एकच.

पहिली उमेदवार फेनिक्सची एअरबस ए-३२०. २०२२ साली आली आणि भल्याभल्यांना तिने वेड लावले. हिच्या एकेका बटणामागे खरी यंत्रणा उभी. एक पंप बंद पडला तर त्याचे परिणाम कुठवर जातात तेही दिसते. इंडियन एअरलाइन्सने १९८९ साली ए-३२० आपल्या देशात आणले, तेव्हापासून हे विमान आपल्या ओळखीचे. त्याच २०२२ सालची दुसरी उमेदवार पीएमडीजीची बोइंग ७३७. एअरबसमध्ये हाताशी लहानशी काठी, आणि चूक केलीत तर संगणक तुमचा हात धरतो. बोइंगमध्ये पुढ्यात दांडगे सुकाणू, आणि गुडघ्याजवळ खडखडत फिरणारे ट्रिमचे चाक. मला स्वतःला ते चाक फार आवडते. जात्याची आठवण होते. दोन्हींच्या किमती मात्र पाच हजार रुपयांच्या पुढे.

तिसरी फुकट! फ्लायबायवायर नावाच्या हौशी मंडळींनी एअरबस ए-३२० निओ मिळून घडवली आणि वाटून टाकली. फुकटची म्हणून हिणवू नये. पुष्कळ विकाऊ विमानांना ती लाजवील. मी हिच्यावरच थांबलो असतो. पण मध्ये एक मागणी आली.

आमच्या तालुक्यात सोमावळ, रेवानगर या वसाहती आहेत. सरदार सरोवराच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या नर्मदाकाठच्या माणसांना तिथे वसवले. त्यासाठी १९९० च्या सुमारास तळोद्याचे जंगल मोकळे करण्यात आले. तिथले एक बाबा माझ्याकडे नातवाच्या अभ्यासाचे विचारायला येतात. एकदा पडद्यावरचे विमान बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, "गुरुजी, यातून आमचं गाव दिसंल का?"

नकाशावर सुरत ते इंदूर सरळ रेघ ओढा. ती तळोद्याच्या उत्तरेने, अक्राणीच्या डोंगरांवरून जाते आणि पुढे नर्मदा ओलांडते. अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून थोडे अधिक. फुकटची एअरबस काढली. जेट विमानाला एवढे अंतर म्हणजे खुर्चीत बसतो न बसतो तोच उठायचे! चढण संपते न संपते तो उतरण सुरू. अक्राणी पाच-सहा मिनिटांत सरली. प्रवाशाच्या खिडकीतून पाहावे तर खाली पंख आडवा. बाबा काही बोलले नाहीत. "लहान सेस्ना काढू का?" विचारले, तर मान हलवली. लोक तिकीट काढून बसतात ते विमान त्यांना हवे होते.

तेव्हा मला एटीआर आठवले. २०२४ साली जळगावहून गोव्याला आणि हैदराबादला सुरू झाले, तेच पंख्यांचे विमान. जळगावची धावपट्टी सुमारे सतराशे मीटर. तिथे असल्याच विमानाचा संसार. सिम्युलेटरासाठी हे २०२३ साली निघाले, बेचाळीस आणि बहात्तर अशा दोन्ही आकारांत, आणि किंमत मोठ्या दोघींच्या निम्म्याहूनही कमी. पंख डोक्यावर, खाली सगळे मोकळे. इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी सोय यात नाही. हात सतत दांड्यांवर. शेपटीत विजेसाठी वेगळे छोटे इंजिनही नाही. जमिनीवर उभे असताना उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने अडवायचा आणि तेच इंजिन वीज पुरवते. याला म्हणतात 'हॉटेल मोड'! इन्व्हर्टरवर दिवस काढणाऱ्या तळोदेकराला हे कळायला पुस्तक उघडावे लागत नाही.

तर एटीआर घेतले. सुरतेहून उडालो, बारा हजार फुटांवर स्थिरावलो. डोंगर सावकाश येऊ लागले. अस्तंब्याचे शिखर मी दाखवायच्या आत बाबांनीच ओळखले. दर दिवाळीला तिथल्या यात्रेसाठी आमच्या तळोद्यातून पोरांचे जथे पायी जातात. मग विमान डावीकडे वळवून नर्मदेवर नेले. सप्टेंबर २०१९ मध्ये सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरले. पडद्यावरही पाणी दऱ्यादऱ्यांतून बोटे पसरून बसलेले. बाबा वाकून डोंगराची एक धार शोधत होते. ती सापडली तशी त्यांनी बोट काचेवर टेकले आणि हळूहळू खाली, पाण्यात आणले.

"इथं महूचं झाड. त्याच्या खाली घर."

विमान पुढे गेले. "परत फिरव," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच एकेरी हाक दिली. मी पंख कलता केला. त्या दुपारी आम्ही सात घिरट्या घातल्या. इंदूर राहूनच गेले. सातव्या वेळी वीज गेली.

अस्तंब्याची यात्रा आटोपली की ते नातवाला घेऊन येणार आहेत. तोवर मला ते बहात्तर आसनांचे धूड धारेच्या आणखी जवळून, सावकाश वळवायला शिकायचे आहे. गती फार कमी केली की सुकाणू थरथरू लागते.